हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्डचे संगीत

हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड या विज्ञानकथात्मक ॲक्शन व्हिडिओ गेमचे संगीत मार्टिन ओ'डॉनेल आणि मायकेल साल्व्हाटोरी या अमेरिकन संगीतकारांनी रचले. बंजी या कंपनीने तयार केलेला हा गेम १५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमयंत्रासोबत उत्तर अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एकसुरी समूहगानाने सुरू होणारी त्याची मुख्य धून पुढे संपूर्ण हेलो मालिकेची ओळख बनली. खेळाडूच्या हालचालीनुसार लांबी आणि स्वरूप बदलणारे संगीत म्हणूनही या रचनेचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

ओ'डॉनेल आणि साल्व्हाटोरी हे शिकागो येथे टोटलऑडिओ ही संस्था चालवत आणि प्रामुख्याने जाहिरातींसाठी संगीत तयार करत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मिथ: द फॉलन लॉर्ड्स या गेमच्या निमित्ताने त्यांचा बंजीशी संबंध आला. बंजीची स्थापनाही शिकागोतच १९९१ साली झाली होती. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली. त्याच्या काही दिवस आधी ओ'डॉनेल बंजीच्या नोकरीत रुजू झाले होते. साल्व्हाटोरी शिकागोतच राहून काम करत राहिले.

मुख्य धून

जुलै १९९९ मध्ये न्यू यॉर्क येथील मॅकवर्ल्ड प्रदर्शनात ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी हेलो हा गेम प्रथम जाहीर केला. त्या सादरीकरणासाठी संगीत तयार करण्यास ओ'डॉनेल यांना जेमतेम काही दिवस मिळाले. प्राचीन, भव्य आणि गूढ वाटेल असे संगीत हवे, अशी लेखक जोसेफ स्टेटन यांची अपेक्षा होती. गेमचे कथानक सव्विसाव्या शतकात घडते. पण ज्या कड्याच्या आकाराच्या कृत्रिम जगावर ते घडते, ते एका लुप्त झालेल्या प्राचीन संस्कृतीने निर्माण केलेले आहे. त्यामुळे भविष्यकाळ सुचवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ध्वनींऐवजी मध्ययुगीन ख्रिस्ती मठांतील ग्रेगोरियन गानाचा आधार घेण्यात आला. गायकांमध्ये स्वतः दोन्ही संगीतकार आणि जाहिरातींच्या कामातील त्यांचे सहकारी होते.

सादरीकरण नेमके किती वेळ चालेल, याची ओ'डॉनेल यांना कल्पना नव्हती. म्हणून त्यांनी मधला भाग ठाम लयीचा ठेवला, तर सुरुवातीचा व शेवटचा भाग हवा तसा वाढवता किंवा कापता येईल असा रचला. गान, मध्ये वेगवान तालवाद्ये व तंतुवाद्ये आणि पुन्हा गान, असा या धुनेचा आराखडा त्यातूनच तयार झाला.

स्वररचना

समूहगानाचा भाग पाश्चात्त्य संगीतातील डोरियन या स्वरसप्तकात आहे. गंधार व निषाद कोमल आणि उरलेले स्वर शुद्ध, अशी त्याची रचना असून विष्णू नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी काफी थाटाशी ती जुळते. ग्रेगोरियन गानात स्वरमेळ नसतो. सर्व गायक एकच स्वरावली गातात. पुढच्या भागात चेलोसह इतर तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि अधूनमधून कव्वालीच्या ढंगाचा आलापही ऐकू येतो. गेममधील उरलेल्या संगीताचा बराचसा भाग सिंथेसायझर व सॅम्पलर यांच्या साहाय्याने तयार केला गेला.

खेळातील योजना

चित्रपटात प्रत्येक प्रसंगाची लांबी ठरलेली असते. गेममध्ये ती खेळाडूच्या हाती असते. एकाच दालनातून एखादा खेळाडू मिनिटभरात बाहेर पडतो, तर दुसरा बराच वेळ तेथे रेंगाळतो. यासाठी प्रत्येक रचना प्रारंभ, पुन्हा पुन्हा वाजू शकणारा मध्यभाग, पर्यायी मध्यभाग आणि समारोप अशा तुकड्यांत विभागण्यात आली. मध्यभागाचे अनेक तुकडे यादृच्छिक क्रमाने वाजत असल्याने पुनरावृत्ती चटकन जाणवत नाही. लढाईला तोंड फुटले की पर्यायी भाग सुरू होतो आणि प्रसंग संपला की समारोप वाजतो. खेळाडू एकाच ठिकाणी फार काळ अडकून राहिल्यास संगीत हळूहळू विरून जाते. कोणत्या स्थळी संगीत सुरू व्हावे आणि कोठे शांतता असावी, हे ओ'डॉनेल यांनी प्रत्येक टप्प्याच्या रचनाकारांसोबत बसून ठरवले.

ध्वनिमुद्रिका आणि प्रतिसाद

हेलो ओरिजिनल साउंडट्रॅक ही ध्वनिमुद्रिका जून २००२ मध्ये समथिंग एल्स म्युझिक वर्क्स या कंपनीने प्रसिद्ध केली. गेममधील तुकडे जसेच्या तसे देणे शक्य नसल्याने ते जोडून सलग ऐकता येतील अशा रचना तयार करण्यात आल्या. २००२ च्या गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांमध्ये या गेमला ध्वनी विभागाचा पुरस्कार मिळाला. २००५ साली सुरू झालेल्या व्हिडिओ गेम्स लाइव्ह या वाद्यवृंद मैफलींतही हेलोचे संगीत सादर होऊ लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दशकपूर्ती आवृत्तीसाठी हे संगीत पूर्ण वाद्यवृंदासह नव्याने ध्वनिमुद्रित झाले. मूळ संगीत निवडण्याची सोयही त्यात ठेवण्यात आली.

मालकी हक्काचा वाद

२०२० साली ओ'डॉनेल आणि साल्व्हाटोरी यांनी स्वामित्वधनाच्या प्रश्नावरून मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात दावा दाखल केला. मूळ धून १९९९ साली, म्हणजे मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेण्यापूर्वी रचली गेली होती. ती बंजीला केवळ वापरासाठी दिली होती आणि गेमबाहेरील वापराचा योग्य वाटा आपल्याला मिळालेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे संगीत मोबदला देऊन करवून घेतलेले काम आहे, अशी मायक्रोसॉफ्टची भूमिका होती. अशा कामाचा कर्ता अमेरिकी कायद्यानुसार काम करवून घेणारा मानला जातो. त्यामुळे नोकरीपूर्वी काही दिवसांत रचलेल्या धुनेचा कर्ता कोण, हाच वादाचा मुख्य मुद्दा ठरला. मार्च २०२२ मध्ये हेलो ही दूरचित्रवाणी मालिका सुरू होण्याच्या सुमारास या दाव्याची बरीच चर्चा झाली. एप्रिल २०२२ मध्ये तो परस्पर संमतीने मिटला.

पुढील वाटचाल

ओ'डॉनेल आणि साल्व्हाटोरी यांनी २०१० सालच्या हेलो: रीचपर्यंत या मालिकेसाठी संगीत दिले. हेलो ४ (२०१२) या गेमसाठी नील डेव्हिज आणि काझुमा जिन्नोउची यांनी मूळ धुनेपासून दूर जाणारी वेगळी शैली स्वीकारली. हेलो इन्फिनिट (२०२१) या गेमच्या संगीतकारांनी मात्र १९९९ सालच्या समूहगानाचा पुन्हा आधार घेतला.