मोडी लिपी

मराठी जलद लिहिण्यासाठी पूर्वी वापरात असलेली वळणदार लिपी. दरबार, महसूल आणि सावकारी यांचे कागद प्रामुख्याने मोडीत लिहीत. पोथ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने ती प्रचारात आणली, अशी परंपरा सांगते. पण नागरीचे हे धावते रूप एकाच्या कल्पनेपेक्षा कारकुनांच्या पिढ्यांच्या हातांतून घडले असणे अधिक संभवते.

लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि अक्षरे तिला लटकवीत जाई. बोरू शक्यतो उचलावा लागू नये, यासाठी हा सारा खटाटोप. शब्द तोडून लिहीत नसत, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भाने ठरवायचे. त्यात संक्षेप: तारखेपूर्वीचा ‘छ’ चांद्र तिथी दाखवतो, ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. अखेरीस ‘मोर्तब सुद’ची मुद्रा. त्यामुळे मुळाक्षरे चार दिवसांत येतात, कागद वाचता येत नाही. त्याला फारसीमिश्रित कारभारी मराठीची सवय लागते.

शिवकाळात बाळाजी आवजी चिटणीस यांचे वळण नावाजले, पेशवाईत बिवलकरी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तिचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. आज ते पुणे पुराभिलेखागारात, १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत, कापडी रुमालांत बांधलेले आहे. त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून संपादित केले. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्याच्या सदाशिव पेठेत असून तेथे मोडीचे वर्ग चालतात.

मिशनरी विल्यम केरीने १८१० मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला, पण एकमेकांत गुंतणारी ही अक्षरे सुटे खिळे मानणाऱ्या छापखान्याला कधीच मानवली नाहीत. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी बाळबोधी ठरवली. शाळांत मोडी आणखी काही दशके टिकली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा जुने महसुली कागद वाचण्यासाठी मोडीच्या जाणकारांनाच बोलवावे लागले.