रोहिणीच्या भिंतींतील पाहुणे

रोहिणीच्या आंतल्या बाजूस जी गांठ धरते व अखेर हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तोडते, तिच्यांतील स्नायुपेशी मूळच्या कोठल्या, हा प्रश्न वरवर पंडिती वाटतो. परंतु शत्रु घरांतला कीं बाहेरचा हें कळल्यावांचून औषध कोणावर चालवावयाचें?

१८५८ सालीं फिरखोनें बर्लिन येथें, प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच होते, असें प्रतिपादिलें. पुढें १९१३ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें आनिच्कोव्हनें सशांना कोलेस्टेरॉल चारून हा रोग उत्पन्न केला, आणि सर्वांचें लक्ष चरबीकडे गेलें. पेशीची आठवण पुन्हां झाली ती १९७३ मध्यें, आणि तीहि सिअॅटलच्या एकाच विद्यापीठांत दोन परींनीं! रॉस व ग्लोमसेट म्हणाले, अस्तरास इजा झाली कीं मधल्या थरांतील स्नायुपेशी आंत शिरून वाढतात. बेन्डिट पितापुत्रांची युक्ति अधिक चतुर होती. कांहीं स्त्रियांच्या शरीरांत एका विकराचे दोन प्रकार असतात, पण एका पेशींत एकच. निरोगी भिंतींत दोन्ही मिसळलेले आढळले. गांठींत पुष्कळदां एकच. म्हणजे सारी गांठ एका पेशीची प्रजा! हें त्या काळीं अनेकांस पटलें नाहीं.

आपल्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या कमल रणदिवे यांनीं १९६० नंतरच्या दशकांत मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत रुजविली. त्यांचा विषय निराळा, कर्करोगाचा. परंतु रोहिणीच्या स्नायुपेशीहि अशाच काचपात्रांत वाढवून पाहतां त्या आकुंचनाचा धर्म सोडून नुसत्या वाढूं लागतात, असें जगभर दिसून आलें.

२००२ मध्यें टोकियोच्या साता यांनीं उंदरांवरून दाखविलें कीं, गांठींतील स्नायुपेशी अस्थिमज्जेंतील मूलपेशींपासून, रक्तावाटे येतात. मोठी खळबळ उडाली. २००६ मध्यें डेन्मार्कच्या बेन्ट्झॉन व सहकाऱ्यांनीं तसेच उंदीर घेऊन कसून पाहिलें, तों बाहेरची पेशी जवळजवळ सांपडेना. २०१२ मध्यें बर्कलेच्या मंडळींनीं तिसरें मत मांडलें: मूलपेशी भिंतींतच दडलेल्या असतात.

इतका घोळ कां व्हावा? भिवंडीजवळच्या वळ गांवीं आतां गुदामांच्या रांगा आहेत. तेथें माल ओळखावयाचा तो वेष्टनावरच्या शिक्क्यानें. शिक्का पुसला कीं कापड तेंच असून परकें ठरतें. संशोधकहि पेशीला तिच्या प्रथिनांच्या शिक्क्यावरून ओळखीत. २०१५ मध्यें व्हर्जिनियाच्या ओवेन्स यांच्या प्रयोगशाळेनें उंदरांच्या स्नायुपेशींवर आधींच न पुसणारी खूण केली, तेव्हां रोगांत त्यांतील बहुतेक स्वतःचा शिक्का टाकून वेष पालटतात, कांहीं तर भक्षकपेशींसारख्या दिसतात, हें उघड झालें. परका म्हणून ज्यास पकडलें तो पुष्कळदां घरचाच निघाला. वर्षभरांत केंब्रिजच्या संशोधकांनीं रंगीत खुणांनीं दाखविलें कीं, उंदराच्या गांठींतील या पेशी अगदीं थोड्या पूर्वजांची संतति असतात. बेन्डिटांचें तर्कट अगदींच टाकाऊ नव्हतें तर!

यांतील खरी अडचण पुढेंच आहे. गांठीवर जें तंतुमय झांकण धरून ती फुटूं देत नाहीं, तेंहि बहुतांशीं याच पेशींचें काम. तेव्हां त्यांचा सरसकट नाश करणें घातक. क्योटोच्या यामानाका यांनीं २००६ मध्यें साध्या पेशीस मूलपेशीचें रूप देणारे जे चार घटक निवडले, त्यांत केएलएफ-४ व ऑक्ट-४ हे दोन होते. ओवेन्स यांच्या उंदरांत स्नायुपेशींतून पहिला काढतां गांठ लहान व स्थिर झाली. २०१६ मध्यें दुसरा काढून पाहिला, तों ती वाढली व अधिक ठिसूळ झाली.