दुखवटा

घरातले माणूस गेल्यावर कुटुंबाने पाळायचा शोककाळ. महाराष्ट्रातील बहुतेक हिंदू घरांत तो दहा दिवसांच्या सुतकाने सुरू होतो आणि तेराव्याच्या गोडजेवणाने उरकतो. वर्षश्राद्ध होईपर्यंत सणवार मात्र बेतानेच होतात. माणूस गेला त्या दिवशी घरची चूल पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे पिठलं-भात आणून देतात. पुढे लोक भेटायला येत राहतात आणि आजार कसा बळावला, शेवटचे बोलणे काय झाले, हे घरच्यांना प्रत्येकाला नव्याने सांगावे लागते. त्याचा वीट येतो. पण सांगता सांगताच घडलेले खरे वाटू लागते.

दहाव्याला नाशिकच्या रामकुंडावर, मुंबईत बाणगंगेवर किंवा गावच्या नदीकाठी पिंड मांडतात आणि मंडळी मागे सरून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवेना, की गेलेल्याची इच्छा अडकली असे समजतात. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो : ‘आईला अंतर देणार नाही’, ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ’. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. श्रद्धा असो वा नसो, एरवी भाऊबंदकीत तोंडातून न निघणारे शब्द इथे चारचौघांसमक्ष निघतात.

विधवेच्या वाट्याला मात्र आधाराऐवजी बांगड्या फोडणे आणि कुंकू पुसणे आले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

शोकाचे म्हणून सांगितले जाणारे, मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले पाच टप्पे मुळात मरणासन्न रुग्णांविषयी होते. शोक त्याच क्रमाने सरतो, असे समजण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ स्ट्रोब आणि शूट यांची १९९९ ची मांडणी अनुभवाच्या अधिक जवळची आहे : माणूस दुःख आणि रोजचा व्याप यांत सतत ये-जा करतो. घटकाभर रडून झाले, की मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद शोधणे आणि दहाव्याचा किराणा सांगणे सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनुसार, सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र राहून रोजचे जगणे अडवणारा, समाजाच्या रूढ मर्यादेपलीकडे गेलेला शोक हा विकार मानला जातो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ आहे.