उतारावरचे घर आणि दोन पाणी

माथेरानचा डोंगर आणि बोरघाट यांच्या पायथ्याशी पसरलेल्या कर्जत-खालापूर भागात उतारावर घर बांधणाऱ्याला दोन निरनिराळ्या पाण्यांचा विचार करावा लागतो : एक छपरावर पडणारे, दुसरे वरच्या डोंगरावरून उतरणारे. पहिल्याची व्यवस्था जुन्या घरांनी उत्तम साधली होती. जमिनीपासून उचललेले दगडी जोते, तीव्र उताराचे छप्पर, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण आणि पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारा, घराला वळसा घालून जाणारा चर, एवढ्यावर पावसाळा निभत असे. कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून केलेला कूड हीच जिथे भिंत असे, तिथे ती कोरडी राखणे हीच घरधन्याची मुख्य चिंता होती. पागोळ्या पाणी एका जागी न सोडता वळचणीच्या साऱ्या लांबीवर विखरून टाकीत, हा त्यांचा गुण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या पाण्याशी मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती लोहमार्गाची. जेम्स बर्कली यांनी आखलेला आणि १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाटाचा मार्ग १,८३१ फूट चढतो. अशा घाटमार्गांवर कापलेल्या कड्याच्या माथ्यामागे आडवा चर खोदून पाणी आधीच वळवण्याची आणि आधारभिंतीत भोके ठेवून तिच्यामागचा दाब उतरवण्याची पद्धत रूढ झाली. घरे मात्र वरच्या उताराबाबत जागेच्या निवडीवरच विसंबून राहिली. ही निवड प्रत्येक वेळी पुरेशी ठरतेच असे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. जुन्या शहाणपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवलेले बरे.

अलीकडच्या फार्महाऊसांनी दोन्ही पाण्यांचे गणित बदलले. उतार कापून सपाटी केली जाते आणि वर काँक्रीटची गच्ची येते. १०० चौरस मीटर गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी दोन-चार पाइपांतून खाली येते. १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झालेल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील एका उदाहरणानुसार, वरच्या जमिनीवर पडलेले आणि ठरावीक प्रवाहातून न वाहणारे पाणी खालच्या मालकाने नैसर्गिक रीतीने आपल्या जमिनीवर येऊ द्यावे लागते. पाइपाच्या तोंडातून एकाच जागी कोसळणारे पाणी या वर्णनात बसवणे अवघड आहे. ते शोषखड्ड्यात मुरवावे, हा नेहमीचा सल्ला सपाट जमिनीला ठीक. कापलेल्या कडेजवळ मुरलेले पाणी तीच कड खचवू शकते, म्हणून तीव्र उतारावर ते पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी मोरीने, वेग मोडत, जवळच्या ओहोळापर्यंत नेणे अधिक सुरक्षित असते.