रणगाड्याला जागा आहे, जखमी जवानाच्या व्हीलचेअरला नाही

नगर शहरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे. 1994 साली ते सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनच्या गाड्या तिथे रंगरंगोटी करून मांडल्या आहेत, शाळांच्या सहली पाहायला येतात. आमचा त्याला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की लोखंड इतक्या निगुतीने जपणाऱ्या व्यवस्थेने लढाईत पाय गमावलेला माणूस कोणत्या घरात परत पाठवला?

दर 1 जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. स्तंभावरची 22 महार सैनिकांची नावे आपल्या पोरांना पाठ आहेत. पण मेलेल्याचे नाव दगडात कोरता येते. जखमी जिवंत परततो आणि त्याला राहायला घर लागते. या घराचा इतिहास आपणही फारसा लिहिलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

जुन्या लष्करातले महार पेन्शनर गावी परत न जाता दापोलीच्या कॅम्पात, साताऱ्याच्या कॅम्पात का राहिले? सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. आमच्या मते याचे उत्तर सोपे आहे. गावात परतले की सुभेदार पुन्हा येसकर होतो. कॅम्पातही जात सुटत नव्हती, पेन्शनरांना मुलांच्या शाळेसाठी झगडावेच लागले. तरी तिथे गावकूस नव्हते.

1892 च्या सुमारास ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद झाली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली 111 महार ही पलटण उभी केली आणि गरज संपताच 1921 साली मोडली. त्याच 1917 साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरी तांत्रिक शाळा सुरू झाली, ती पुढे खडकीला गेली. हात किंवा पाय गमावलेल्याला धंदा शिकवायचा आणि घरी पाठवायचे, ही कल्पना चांगलीच होती. पण घर म्हणजे कुठे? एखाद्याचे घर वेशीजवळ, तर दुसऱ्याचे गावकुसाबाहेर महारवाड्यात. गावच्या विहिरीवर दोन पायांनी चालत जायचीही बंदी असलेल्या माणसाला लाकडी पाय देऊन कोणती वाट मोकळी होणार होती? वर महारकी होतीच. वेठीला जायचे, सांगावे पोचवायचे, रात्री वेस राखायची. धडधाकट माणसाचे कंबरडे मोडणारी ही कामे होती. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच गुलामीवर बोट ठेवून. वतन कायद्याने संपायला 1958 चा कायदा यावा लागला.

आता खडकीला पुन्हा येऊ. 1974 साली तिथे मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. व्हीलचेअर फिरेल अशी जागा, उपचार, काम, खेळ हे सारे एका आवारात. महाराष्ट्रात जखमी सैनिकासाठी निवाऱ्याचा सर्वांत भक्कम नमुना तोच आहे, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ते केंद्र आहे, स्वतःचे घर नव्हे. केंद्रात जे शक्य झाले ते नगर जिल्ह्यातल्या वस्तीत का होत नाही?

इथे थोडा हिशेब करू. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीचे रमाई घरकुल 269 चौरस फुटांचे. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला साधारण पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते, दाराला तीन फूट. मोरी आणि संडास यांच्यासाठी जी जागा उरते तिच्यात हे बसवून दाखवा. उताराचे प्रमाण बाराला एक असते, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. नेवासा, शेवगावकडच्या काळ्या मातीत जोते दोन फूट उचलले तर दारापुढे 24 फुटांचा उतार हवा. आपल्या वस्तीत दारापुढे 24 फूट जागा कोणाकडे आहे? समोर लगेच दुसऱ्याची भिंत. वस्ती अशी दाटीची का झाली, हे वर सांगितलेच. गाव पसरत गेले आणि महारवाडा होता तेवढ्यातच राहिला. डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय झाला. पाटी बदलली. गल्लीची रुंदी तेवढीच आहे!

त्याच 2020 साली ग्रामीण भागातल्या माजी सैनिकाच्या घराची घरपट्टी माफ करण्याचाही निर्णय झाला. म्हणजे पट्टी माफ, पायरी कायम.

काही जण म्हणतील, जवानाची जात कशाला काढता? आम्ही काढत नाही. गोळी लागताना ती कोणी विचारली नसेल. पण घर कुठे आहे, रस्ता किती रुंद आहे, नळ किती लांब आहे, या तिन्ही गोष्टी जातीने आधीच ठरवून ठेवल्या आहेत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 37 नुसार घरांच्या आणि शेतजमिनीच्या वाटप योजनांत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना पाच टक्के आरक्षण आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी मागावी. त्या पाच टक्क्यांत किती नावे आहेत, त्यांत माजी सैनिक किती, आणि मंजूर झालेल्या घराच्या नकाशात दार किती फुटांचे आहे, हे लेखी विचारावे. उत्तर तोंडी मिळाले तर घेऊ नये.

जय भीम.