गाठीतील रोगप्रतिकारक पेशी आणि मल्टिप्लेक्स फ्लुरोसन्स तपासणी

कॅन्सरची गाठ म्हणजे फक्त कॅन्सरच्या पेशींचा गोळा नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, तंतू असतात आणि आपल्या शरीराच्या रोगप्रतिकारक पेशीही असतात. या पेशी कोणत्या आणि नेमक्या कुठे आहेत, याला उपचारांच्या दृष्टीने महत्त्व आहे.

नेहमीच्या तपासणीत काय दिसते?

बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. त्याचे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप रंगवून पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरचे निदान करतात. मात्र या रंगात लिम्फोसाइट पेशींचे प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. तिच्यात सहसा एका कापावर एकच प्रथिन तपासले जाते. तुकडा लहान असेल, तर काप पुरत नाहीत.

मल्टिप्लेक्स पद्धतीत काय होते?

इथे एकाच कापावर सहा-सात प्रथिने तपासता येतात. प्रत्येक प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटीबॉडीसाठी वेगळा चमकणारा रंग वापरतात. ठरावीक प्रकाश टाकला की प्रत्येक रंग वेगळा उजळतो. सीडी८ म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी, फॉक्सपी३ म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशी, तर सीडी६८ म्हणजे मॅक्रोफेज. कॅमेरा चित्र टिपतो आणि सॉफ्टवेअर पेशी मोजते. कोणती पेशी कोणाच्या किती जवळ आहे, हेही समजते.

जागेला एवढे महत्त्व का?

टी-पेशी भरपूर आहेत, पण गाठीच्या कडेलाच अडकल्या आहेत, असेही घडते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये टी-पेशींचा प्रकार, संख्या आणि जागा यांचा रुग्णाच्या आयुर्मानाशी संबंध असतो, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. ते काम जुन्या पद्धतीने झाले होते. नव्या पद्धतीने हाच अभ्यास अधिक बारकाईने करता येतो.

तुम्ही काय लक्षात ठेवावे?

ही तपासणी सध्या मुख्यतः संशोधनात वापरली जाते. तुमच्या रिपोर्टमध्ये ती नसेल, तर रिपोर्ट अपुरा आहे असे समजू नका. इम्युनोथेरपीचा विचार चालू असेल, तर पीडी-एल१ आणि एमएमआर या तपासण्या तुमच्या कॅन्सरमध्ये उपयोगी आहेत का, हे ऑन्कोलॉजिस्टना विचारा.

आणि बायोप्सीचा ब्लॉक जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना किंवा पुढे नवी तपासणी करताना तोच कामी येतो. ब्लॉक उष्णतेपासून दूर ठेवा. मेण वितळू देऊ नका.