हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

जळकोट-नळदुर्गचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, तेव्हा घरी मराठी आणि माध्यमिक वर्गात उर्दू अशी मुलांची ओढाताण होई. त्या काळात, १९२१ साली, याच जिल्ह्यातील हिप्परगा (रवा) या खेड्यात राष्ट्रीय शाळा उभी राहिली. कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सहकारी व्यंकटेश खेडगीकर १९२९ मध्ये तिचे मुख्याध्यापक झाले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि १९३८ मध्ये हैदराबादच्या लढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. ज्ञानदानाच्या व्रतातूनच हे नेतृत्व घडले होते.

आम्हां ख्रिस्ती मराठीजनांना हा इतिहास परका नाही. श्रद्धा लोकभाषेत रुजते, हे ओळखून फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना लाभले, तेव्हा त्याच मातीने एका धर्मगुरूला मराठीचा मान दिला.

त्या काळी वर्गातली मराठी राजसत्तेने मागे सारली होती. आज आपल्या मुलांच्या वर्गातून ती आपणच आपखुशीने दूर करीत आहोत. हिप्परग्याची शाळा आम्हांला याचाच जाब विचारते.